शेजारचं माचिया पाडलं (जपानमधल्या जुन्या लाकडी घरांचा धागा)

उंबरठा

गेल्या मंगळवारी सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडले, तर शेजारच्या घराला चहूबाजूंनी राखाडी कापड बांधलेलं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा कापडही नव्हतं आणि घरही. खरं तर आदल्या आठवड्यातच समजायला हवं होतं. पाडकामाचा ठेकेदार दारात आला, कमरेत वाकला आणि हातात नवाकोरा टॉवेल ठेवून गेला. थोडे दिवस आवाज होईल, सांभाळून घ्या म्हणाला. इथे शेजाऱ्याला त्रास द्यायच्या आधी टॉवेल देतात. मी आपली खूश, फुकटचा टॉवेल मिळाला म्हणून.

मी क्योतोत नऊ वर्षं आहे, त्यातली पाच एका भाड्याच्या माचियात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माचिया म्हणजे शहरातल्या व्यापारी-कारागिरांचं लाकडी घर. रस्त्याकडे दुकान, मागे बिऱ्हाड. रुंदी दोन-तीन खणांची, पण लांबी अशी की पुढच्या दारातून मारलेली हाक मागे पोचेपर्यंत चहा होईल. लोक त्याला 'उनागी नो नेदोको' म्हणतात, म्हणजे वाम माशाचं अंथरूण. एका कडेने पुढच्या दारापासून परसापर्यंत मातीच्या जमिनीची बोळवजा वाट जाते, चुली तिथेच असायच्या. त्या भागावर माळा नाही, धूर जायला छपरापर्यंत सगळं मोकळं. माझ्याकडे आता गॅस आहे, पण मान वर केली की तुळया अजून तव्याच्या बुडासारख्या काळ्या. मध्ये हातरुमालाएवढं अंगण, त्यात एक दगडी दिवा आणि माझी (जगत नसलेली) तुळस.

शहर हजार वर्षांचं असलं तरी ही घरं तेवढी जुनी नाहीत. १८६४ च्या राजकीय धुमश्चक्रीत लागलेल्या आगीत क्योतोचा मोठा भाग जळाला. उरलेली माचिया बहुतेक त्यानंतरची. पालिकेच्या हिशेबात १९५० पूर्वी जुन्या पद्धतीने बांधलेलं घर तेवढं माचिया. २००८-०९ च्या मोजणीत अशी ४७,७३५ घरं होती, २०१६ मध्ये ४०,१४६ उरली. यातली प्रत्यक्ष पाडली गेली ती पालिकेच्या हिशेबाने ५,६०२, म्हणजे वर्षाला साधारण ८००, दिवसाला दोन. उरलेल्यांतलं दर सातवं रिकामं. दुसऱ्या महायुद्धात क्योतो बाँबहल्ल्यांतून बरंचसं वाचलं होतं. तेव्हा वाचलेली घरं आता पार्किंगसाठी पडताहेत. शेजारच्या जागेवरही आठ गाड्यांचं पार्किंग होणार आहे, पाटी लागली.

२०१७ मध्ये पालिकेने नियम केला, की नेमून दिलेली माचिया पाडायची असतील तर एक वर्ष आधी कळवायचं. त्या वर्षात पालिका दुसरा कोणी घेणारा किंवा भाडेकरू मिळतो का ते बघते. शेजारचं घर त्या यादीत नव्हतं.

आता माझी खरी अडचण. आमच्या दोन घरांच्या मधे हात जाईल एवढीसुद्धा फट नव्हती. त्यामुळे माझ्या घराच्या त्या बाजूच्या भिंतीला बाहेरून गिलावा कधी झालाच नाही. शंभर वर्षं तिने पाऊस पाहिला नव्हता. आता ती उघडी पडलीय. माती जागोजागी सुटली आहे, आतल्या बांबूच्या कामट्या आणि सुंभाच्या गाठी दिसताहेत. अगदी आपला कुड! फोटोत बघून आई म्हणाली, हा तर मामाच्या गोठ्याचा कुड आहे. पाडणाऱ्यांनी तात्पुरती ताडपत्री टाकून दिली आहे. घरमालक आजोबा म्हणतात, पत्रा मारू. शहरभर हेच दिसतं, जिथे एक माचिया गेलं तिथे शेजारच्याच्या कुशीला पत्रा.

असं जुनं घर कोणी दुरुस्त केलंय, किंवा नीट वापरात आणलेलं बघितलंय का? सगळं वाचायला आवडेल, अगदी वेड्यात काढलंत तरी चालेल.

रानजाई

पोटात कालवलं वाचून. मी नागोयात असते. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन शिराकावा-गो या डोंगरातल्या गावी गेलो होतो. तीच ती सुमारे साठ अंशांच्या उताराची गवती छपरं, नमस्काराच्या जोडलेल्या हातांसारखी, म्हणून 'गाश्शो'. आम्ही फोटो काढण्यात दंग. सासूबाई मूळच्या भोरकडच्या, त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "हे शाकारतं कोण?"

बाकी कोणी तो विचारला नव्हता, गाइडबाईसुद्धा खुलली. तर: छपराचं गवत साधारण तीस वर्षं टिकतं. ते बदलणं एका घराच्या आवाक्यातलं नाही. म्हणून 'युई'. आज गावाने माझं छप्पर करायचं, उद्या मी गावातल्यांचं. आपल्याकडची इर्जिक म्हणा ना. २००१ मध्ये तिथल्या नागासे घराचं छप्पर याच पद्धतीने झालं, तेव्हा सुमारे ५०० माणसं छपरावर नि खाली मिळून होती. सांगाडा दोरखंड आणि ओल्या फांद्यांच्या वेठणांनी बांधलेला, वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे. खाली आगटी धुमसत असायची, त्या धुराने गवताला कीड लागत नसे. आता आगटी पेटत नाही तिथे गवत लवकर कुजतं म्हणाली.

१९७१ मध्ये गावकऱ्यांनीच ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. त्याच वर्षी नागानो भागातल्या त्सुमागो या जुन्या वाटेवरच्या मुक्कामाच्या गावानेही हीच तीन वचनं घेतली. कायदा मागून आला, १९७५ मध्ये. त्याने सुटी घरं नव्हे तर अख्खे मोहल्ले जपायची सोय केली, आता असे सव्वाशेहून जास्त भाग आहेत. युनेस्को तर १९९५ ला उगवलं.

आणि हो, गावात ५९ पाण्याच्या तोफा आहेत. शरद ऋतूत सराव म्हणून सगळ्या एकदम उडवतात. आम्ही गेलो तेव्हा सगळ्या लाकडी खोपटांत झाकलेल्या होत्या, सासूबाईंना वाटलं देवळं आहेत. एकीला नमस्कारही करून झाला.

खवचट_काका

सासूबाईंना माझाही नमस्कार सांगा.

बाकी सगळं छान आहे, पण जरा वाईटपणा घेतो. १७ जानेवारी १९९५, कोबेचा भूकंप. ६,४३४ माणसं गेली आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली चिरडून गेली. कसल्या घराखाली? जुन्या लाकडी, वर जड कौलं. मी तेव्हा कंपनीच्या कामाने ओसाकात होतो. त्यानंतर मला कुणी 'तुळयांचा काळा रंग' वगैरे सांगू लागलं की मी विचारतो, रात्री झोपता कुठे? घर जपायचं की माणूस? जपान्यांनी स्वतः ठरवलंय, लाकडी घराचं कायदेशीर आयुष्य २२ वर्षं. त्यानंतर हिशेबात त्याची किंमत शून्य, जमिनीची तेवढी. मग आपण का रडायचं?

तुळई

काका, मी इमारतींच्या सांगाड्याचा हिशेब करून पोट भरते, तेव्हा थोडं लांबतं, रागावू नका.

आधी ते २२ वर्षांचं. तो करासाठी घसारा धरायचा आकडा आहे. घर २२ वर्षांत पडतं असा त्याचा अर्थ नाही. पण बँका आणि दलाल तोच आकडा धरून बसले आणि लोकांच्या डोक्यात घर म्हणजे मोटारगाडी होऊन बसलं. हा आजार कोबेपेक्षा जुना आहे.

आता कोबे. तुमचं दुःख खरं आहे आणि आकडाही. पण घरं पडली ती लाकडी होती एवढ्यामुळे नाही. खांबांचे पाय वाळवीने आणि ओलीने खाल्लेले होते. कौलांखाली मातीचा जाड थर, म्हणजे डोक्यावर ओझं. आणि तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने भिंतच नाही, दुकानासाठी सगळं उघडं. क्योतोच्या माचियांतही हीच खोट आहे. लांबीच्या दिशेने भिंतीच भिंती, रुंदीच्या दिशेने जवळजवळ काही नाही. हादरा आडवा आला की घर काड्याच्या पेटीच्या कव्हरासारखं कलतं. १९८१ च्या आधीची, नव्या भूकंप-नियमांपूर्वीची घरं म्हणून जास्त पडली.

पण जुन्या सुताराला भूकंप कळत नव्हता असं समजू नका. त्याची वाट वेगळी होती. खांब तळखड्यावर नुसता उभा, बांधलेला नाही. खांबांना आरपार भोकं पाडून त्यांतून आडव्या पट्ट्या ओवलेल्या, त्यांना 'नुकी' म्हणतात, आणि पाचरी ठोकून आवळलेल्या. हादरा आला की सांधे करकरतात, मातीची भिंत तडकते, आणि ती तडकण्यातच हादऱ्याचा जोर जिरतो. फारच मोठा धक्का आला तर खांब तळखड्यावरून चार बोटं सरकतो. नंतर उचलून जागेवर आणायचा. १९५० च्या कायद्याने हे सगळं मोडीत काढलं. खांब काँक्रीटच्या पायाला बोल्टने जखडा, तिरक्या आधारपट्ट्या मारा, घर ताठ करा. दोन्ही वाटा चालतात, पण अर्धी ही अर्धी ती केली की घर फसतं. लवचीक सांगाड्यात एकाच कोपऱ्यात ताठ भिंत घातली की सगळा जोर तिथेच जातो.

२००० मध्ये हिशेबाची एक नवी पद्धत आली, तिने अशी सरकणारी, वाकणारी घरंही आकड्यांत बसवता येतात. ह्योगोतल्या मिकी गावात २० मीटर बाय १५ मीटरचं हलतं टेबल आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. त्यावर खरंखुरं माचिया चढवून कोबेसारखे हादरे दिले गेले आहेत. फुकाची भावना नाही ही.

तेव्हा काका, घर की माणूस असा हा सवालच नाही. पाय सडलेल्या घरात झोपायचं की पाय बदललेल्या घरात, एवढंच विचारा.

खवचट_काका

लांबलं खरं, पण पटलं. अर्धं.

उंबरठा

तुळई, दंडवत. मग माझी ही उघडी भिंत भार घेते का? पत्रा मारून झाकली की काम झालं का?

तुळई

भार खांब घेतात. पण आडवा हादरा ती भिंत अडवते, म्हणून ती माती पूर्ण हवी. नुसती झाकून उपयोग नाही. आधी माती भरून घ्या, मग वरून काय ते. आणि पत्रा मारायच्या आधी त्या बाजूच्या प्रत्येक खांबाच्या पायावर लाकडी हातोडीने टकटक करून बघा. घट्ट लाकूड 'टण' बोलतं, सडलेलं 'भद' बोलतं. शेजारचं घर होतं तोवर तिथे कोणाचा हातच पोचला नव्हता, म्हणजे शंभर वर्षांत पहिली संधी आहे ही. शेजाऱ्याचे आभार माना.

बिऱ्हाड

धागा उत्तम. मधेच वेगळा प्रश्न विचारतो. आम्ही दोघं कावासाकीत राहतो, घरूनच काम. जपानमध्ये रिकामी घरं जवळजवळ फुकट मिळतात असे व्हिडिओ फिरताहेत. डोंगरात एखादं जुनं शेतकऱ्याचं घर घेऊन दुरुस्त करावं असं डोक्यात आहे. बायको म्हणते वेड लागलंय. कोण बरोबर?

सही_शिक्का

बायको. पण पूर्ण बरोबर नाही.

मी जमिनीच्या कागदपत्रांचं भाषांतर करतो, तेव्हा लाकडाचं मला कळत नाही, कागदाचं कळतं. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानभर सुमारे ९० लाख घरं रिकामी होती, एकूण घरांच्या १३.८ टक्के. ही सगळी काही जुनी सुंदर घरं नव्हेत. त्यात रिकामे फ्लॅट आहेत, १९७० च्या दशकातली पातळ भिंतींची घरं आहेत. तुम्हाला हवं ते 'कोमिंका', म्हणजे जुनं रांगडं शेतकरी घर, त्यातलं थोडं.

घर रिकामं का ठेवतात? जमिनीवर राहतं घर उभं असेल तर पहिल्या २०० चौरस मीटरपर्यंत जमिनीचा कर एक-षष्ठांशावर हिशेबला जातो. घर पाडलं की सवलत गेली. म्हणून वर्षानुवर्षं पडकं का होईना, उभं ठेवायचं. २०१५ पासून धोकादायक ठरलेल्या घरांची ही सवलत काढता येते, आणि २०२३ च्या दुरुस्तीने नीट न राखलेल्या घरांनाही त्यात ओढलं. हेतू चांगला. पण परिणाम असा की जे घर थोडी कौलं फिरवून वाचलं असतं तेही घाबरून पाडतात.

दुसरं म्हणजे वारस. नाव लावून घेणं २०२४ च्या एप्रिलपर्यंत सक्तीचं नव्हतं. आता वारसाने तीन वर्षांत नोंद करायची, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. तोवर इतक्या जमिनी बेवारस झाल्या होत्या की २०१६ च्या अंदाजाने मालकाचा पत्ता न लागणारी जमीन ४१ लाख हेक्टर, अख्ख्या क्युशू बेटापेक्षा जास्त. माझ्यासमोर आलेल्या एका प्रकरणात घर विकायला सगळे तयार होते, पण कागदावर मालक १९४० च्या दशकात वारलेले आजोबा. सतरा वारस निघाले, त्यातले तीन ब्राझीलमध्ये. सह्या गोळा होईपर्यंत दोन वर्षं गेली आणि त्या दोन वर्षांत एका पावसात कौल सरकलं. पाणी नेमकं मुख्य खांबावर. सह्या झाल्या त्या महिन्यात घेणाऱ्याने नाही म्हटलं.

म्हणून बिऱ्हाड, घर बघायला जाल तेव्हा आधी छप्पर बघा आणि मग नोंदीचा उतारा. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी.

कोकणचो_झील

हे वाचून मला वाटलं आमच्या गावातलंच चाललंय. सातबाऱ्यावर ३१ नावं. आमच्या घराचे मालक अजून पणजोबाच आसत, वारले १९६२ साली. गणपतीत सगळे भेटतात, सहीचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम आरती आठवते.

बिऱ्हाड

😀 बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवला. 'पूर्ण बरोबर नाही' हे वाक्य तिने मुद्दाम ऐकलं नाही.

फिरस्ता

मी गेली काही वर्षं जपानात पायी हिंडतो. नीट वापरात आलेल्या घरांबद्दल विचारलंत म्हणून सांगतो.

सगळ्यात मनात राहिलं ते ह्योगोतल्या ताम्बा-सासायामाजवळचं मारुयामा. बारा घरांचं गाव, सात रिकामी. २००९ मध्ये त्यातली तीन दुरुस्त करून मुक्कामाला द्यायला सुरुवात झाली. मालकांनी ती दहा वर्षं विनाभाडं दिली, चालवायला उरलेले गावकरीच. सकाळी शेजारच्या काकू नाश्ता घेऊन येतात, भात त्याच खोऱ्यातला. त्यांना मी विचारलं की पाहुण्यांचा कंटाळा येत नाही का. त्या म्हणाल्या, रात्री समोर दिवा दिसतो. एवढंच म्हणाल्या आणि भांडी घेऊन गेल्या. पुढे २०१५ मध्ये सासायामाच्या किल्ल्याखालच्या पेठेत हाच प्रयोग झाला. एक मोठं हॉटेल नाही, पेठेत विखुरलेल्या जुन्या घरांमधल्या खोल्या, एका घरात नोंद करायची आणि दुसऱ्या गल्लीत झोपायचं.

तोकुशिमातल्या इया खोऱ्यात अमेरिकन लेखक ॲलेक्स कर यांनी १९७३ मध्ये एक गवती छपराचं घर घेतलं, 'चिइओरी' नावाचं. तेव्हा त्यांना गावाने वेड्यात काढलं असणार (बिऱ्हाड, ऐकताय ना). नंतर त्याच खोऱ्यातल्या ओचिआई वस्तीत त्यांच्या पुढाकाराने आठ घरं मुक्कामासाठी तयार झाली. वस्ती इतक्या उतारावर, की खालच्या आणि वरच्या घरात ३९० मीटरचा फरक. निईगातातल्या ताकेतोकोरो गावी कार्ल बेंग्स या जर्मन वास्तुकाराने १९९३ पासून उलटं केलंय. जुना लाकडी सांगाडा तोच, पण बाहेरून रंगीत भिंती आणि दुहेरी काचांच्या जर्मन खिडक्या. शुद्धतावाद्यांना चालत नाही. पण त्या भागात दोन-तीन मीटर बर्फ पडतो आणि त्या घरांत माणसं बारा महिने राहतात. मला तरी ते चालतं.

नाओशिमा बेटावर १९९८ मध्ये सुमारे दोनशे वर्षांचं एक घर चित्रकार-शिल्पकारांच्या हवाली केलं. आत अंधारात पाण्याखाली आकडे लुकलुकतात, प्रत्येक आकड्याचा वेग बेटावरच्या एकेका माणसाने ठरवलेला, १२५ जणांनी. बघायला सुंदर. पण खरं सांगू, तिथून बाहेर पडलो तेव्हा मला मारुयामाचा नाश्ता आठवत होता.

खवचट_काका

म्हणजे शेवटी सगळ्या वाटा हॉटेलातच जातात. घर वाचलं म्हणायचं आणि आत राहतो कोण, तर दोन रात्रींचा पाहुणा. ह्याला घर वाचवणं म्हणतात की घराची कातडी वाचवणं?

उंबरठा

काका, हा बाण बरोबर लागला. आमच्या गल्लीत पंधरा माचिया होती. आता अकरा. त्यातली चार पर्यटकांना भाड्याने. मध्यरात्री दगडी फरसबंदीवर चाकांच्या बॅगांचा खडखडाट, कचरा चुकीच्या दिवशी. गल्लीची एक वही आहे, घराघरांतून फिरते: पालिकेच्या सूचना, कोण आजारी, मंदिराच्या जत्रेची वर्गणी. त्या चार घरांच्या दारात वही अडते. पर्यटक कशाला वाचल्याचा शिक्का मारेल? शेजारी पुढच्या दारात हाताने नेऊन देतात.

तरी मी त्यांच्या नावाने खडे फोडणार नाही. त्यातलं एक घर छप्पर बसायच्या बेतात होतं. भाड्याचा पैसा आला म्हणून सुतार आला. माझं म्हणणं एवढंच, की मारुयामासारखं बारापैकी तीन हे चालतं, बारापैकी बारा झाले तर नाश्ता आणणाऱ्या काकू कुठून आणणार?

आणि राहणाऱ्यांनीही मान्य करावं, की ही घरं थंडीत छळतात. ती बांधली आहेत उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून. जूनमध्ये आम्ही कागदी सरकदारं काढून वाळ्याच्या पडद्यासारखी बोरूची दारं लावतो, तातामीवर (जमिनीवरच्या गवताच्या जाड बिछायतीवर) वेताची चटई, अंगणात पाणी शिंपडतो आणि पुढून मागे वारा धावतो, स्वर्ग. जानेवारीत तोच वारा मानेवरून धावतो. पहिल्या हिवाळ्यात मी स्वयंपाक कानटोपी घालून केला. खोटं कशाला बोलू.

मुक्काम_कानाझावा

नोतो द्वीपकल्पाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १ जानेवारी २०२४ चा भूकंप, तीव्रता ७.६. मी नंतर काही शनिवार-रविवार मदतीला जात होतो. नोतोची ओळख म्हणजे काळी चकाकणारी कौलं आणि प्रशस्त लाकडी घरं. वाजिमाजवळ कुरोशिमा म्हणून जहाजमालकांचं गाव आहे, जपलेल्या मोहल्ल्यांच्या यादीतलं. तिथलं काडोमी कुटुंबाचं जुनं घर २००७ च्या भूकंपात मोडलं होतं. मेहनतीने पुन्हा उभं केलं. २०२४ मध्ये पुन्हा पडलं.

पण भूकंपाने घरं घेतली तशी त्यानंतर पाडकामानेही घेतली. मोठं नुकसान झालेलं घर सरकारी खर्चाने पाडून मिळत होतं. दुरुस्ती करायची तर मदत मिळत होती ती अपुरी, बाकी खिशातून. ऐंशीच्या घरातली म्हातारी माणसं, मुलं तोक्योत, काय निवडणार? मी एका घरी कौलं उतरवत होतो. आजी प्रत्येक कौल हातात घेऊन पुसत होत्या. म्हटलं, आजी, जाणारच आहेत ही. म्हणाल्या, जाणार आहेत म्हणून मळकी पाठवू? ती कौलं फेकली नाहीत, तिथली काही मंडळी ती जमवून दुसऱ्या घरांसाठी ठेवतात.

सगळं घर वाचत नसेल तेव्हा लाकूड तरी वाचावं, ह्या मताला मी तिथे आलो. नागानोत सुवा शहरात रीबिल्डिंग सेंटर जपान म्हणून जागा आहे, २०१६ पासून. पडणाऱ्या घरांतली दारं, फळ्या, तुळया, काचा विकत आणतात आणि पुन्हा विकतात. प्रत्येक वस्तू कुठल्या घरातली याची नोंद ठेवतात. तिथली एक फळी माझ्या टेबलावर आहे.

तुळई

काडोमीबद्दल वाचून माझ्या व्यवसायातल्यांना झोप लागली नव्हती. नोतोत अनेक वर्षं एकामागून एक हादरे चालूच होते, आधीच सैल झालेल्या सांध्यांवर शेवटचा बसला. तिथे जमीनही फाटली, उचलली गेली. अशा जागी सुताराला दोष देऊन उपयोग नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते, कारण बिऱ्हाड आणि उंबरठा दोघांनाही लागेल. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराची मोठी दुरुस्ती करायची, म्हणजे खांब, तुळया, छप्पर यांतलं काही अर्ध्याहून जास्त बदलायचं, तर आता आधी मंजुरी लागते. पूर्वी छोट्या घरांना यातून सूट होती. जुन्या घराचे नकाशे कुठे असतात? नसतातच. त्यामुळे आधी मोजमाप, मग कागद, मग सुतार. थोडं थोडं, तुकड्यातुकड्याने दुरुस्त करत राहणाऱ्याला हा त्रास कमी.

वाड्याची_नात

पुण्याची आहे, म्हणून दोन ओळी. आमचा वाडा २०११ साली पाडला. भाडं महिना बावीस रुपये, बिऱ्हाडकरू नऊ, मालक सात भाऊ. कडीपाट सागवानी होता, तो पाडणाऱ्याने परस्पर नेला आणि आम्हाला पार्किंगसकट फ्लॅट मिळाला. त्यात सुखी आहे, खोटं नाही. फक्त तुमच्या त्या पुसलेल्या कौलांनी सकाळी सकाळी रडवलं.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. ताजी खबर देते.

तुळईने सांगितलं तसं हातोडी घेऊन टकटक केली. सहापैकी पाच खांब 'टण'. सहावा, मागच्या मोरीजवळचा, 'भद'. घरमालक आजोबांना बोलावलं, त्यांनी स्वतः वाजवून बघितलं, मग पुन्हा पहिला वाजवला, मग पुन्हा सहावा. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका सुताराला घेऊन आले. सत्तरीचा माणूस, डोक्याला पंचा गुंडाळलेला.

त्याने खांबाशेजारी छोटे जॅक लावून घर बोटभर उचललं. अक्षरशः बोटभर, आत माझ्या स्वयंपाकघरात कप किणकिणले. सडलेला पाय गुडघ्याएवढ्या उंचीवर कापला. मग नवीन तुकड्याला आणि जुन्या खांबाला एकमेकांत अडकणाऱ्या खाचा केल्या, 'कानावा' म्हणतात त्या सांध्याला. रंधा आणि करवत दोन्ही तो स्वतःकडे ओढून चालवतो, आपल्या सुतारासारखी पुढे ढकलून नाही. दोन्ही तुकडे बाजूने सरकवले आणि मधे एक चौकोनी पाचर ठोकली. ठोकताना आवाज बदलत गेला, आधी पोकळ, मग भरीव, आणि शेवटचा ठोका असा की त्याने हातोडी लगेच खाली ठेवली. एकही खिळा नाही. नवीन लाकूड पिवळसर, जुनं काळपट, मधे नागमोडी रेघ. मी विचारलं, रंग लावून एकसारखं करणार का? म्हणाला, कशाला, पुढच्या सुताराला कळायला नको का इथे हात लागलाय ते?

मातीचं काम चालू आहे. शेतातली चिकणमाती, त्यात बोटभर लांबीचं भाताचं काड, महिनोन्‌महिने भिजवून कुजवलेली. वास विचारू नका. शेजारच्या पार्किंगवाल्या कंपनीचा माणूस नाक दाबून गेला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती म्हणे यात शेण नाही? मी सुताराला विचारलं. तो बराच वेळ हसला आणि त्याने आईला वाकून नमस्कार केला.

वरून पत्रा की मुद्दाम वरवर जाळून घेतलेल्या जपानी देवदाराच्या फळ्या, यावर आजोबा अजून अडून आहेत. पत्रा निम्म्यात होतो. मी फळ्यांचा फरकाचा पैसा भाड्यात थोडा थोडा देते म्हटलं, ते 'बघू' म्हणाले. इथे 'बघू' म्हणजे बहुतेक नाही, पण सुतार म्हणतो या आजोबांचं तसं नसतं.

शनिवारी मातीचा दुसरा हात आहे. मलाही थापायला बोलावलंय, जुने कपडे घालून या म्हणाले. तो टॉवेल घेऊन जाईन म्हणते, डोक्याला बांधायला.

बिऱ्हाड

ताई, तुमची हरकत नसेल तर शनिवारी आम्ही दोघंही आलो तर चालेल का? बायको स्वतःहून म्हणाली. कुड बघायचाय म्हणे.

उंबरठा

या की. नऊपर्यंत या, गाडी आणू नका. पार्किंग अजून चालू झालेलं नाही.